तंबाखू सुटली होती, परवा पुन्हा खाल्ली. आता काय करायचं?

चुलत बहिणीच्या हळदीची रात्र होती. जेवणं उरकून मांडवामागे आम्ही पाच-सहा जण खुर्च्या ओढून बसलो होतो. थोरल्या दाजींनी पुडी काढली, डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, नखाने डबीतला चुना उचलून तिच्यावर टेकवला आणि गप्पा मारत मळायला लागले. मळून झाल्यावर दोन थापट्या मारल्या, बारीक धूळ उडाली, ती थेट नाकात गेली. मग तळहात माझ्यापुढे आला. "घ्या पाव्हणं."

तंबाखू सोडून मला ४१ दिवस झाले होते. विचारबिचार काही केला नाही. हात पुढे गेला, चिमूट उचलली आणि बार खालच्या ओठाआड बसलासुद्धा.

त्या चिमटीने माझं फारसं बिघडलं नसतं. बिघडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टँडसमोरच्या टपरीवर. "काल मोडलंच आहे, आता कशाला उगाच" असं मनाशी म्हणत मी एक पुडी आणि चुन्याची नवी डबी घेतली. ये रे माझ्या मागल्या. त्यानंतर पुन्हा सोडायला मला चौदा महिने लागले.

सतरा वर्षं खाल्ली, चार वेळा सोडली, चौथ्यांदा सुटली. त्याला आता सहा वर्षं होतील. सोडायची कशी हे मला दातांच्या डॉक्टरांपासून बसमधल्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. मोडल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. हा लेख त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे. गुटखा, मावा, खर्रा, मिश्री, ज्याने त्याने आपलं नाव घालून वाचावं. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडचं दुखणं तोंडातल्या तंबाखूचं आहे आणि सल्ले मात्र बहुतेक सिगारेटवाल्यांसाठी लिहिलेले सापडतात.

पहिला अर्धा तास

तोंडात बार असेल तर थुंका. "आता लावलाच आहे तर रंगू दे" हे म्हणू नका. तंबाखूत चुना घालतात तो उगाच नाही. चुन्याने निकोटिन गालाच्या आतून रक्तात लवकर शिरतं. म्हणून बार जितका वेळ राहील तितका हप्ता मोठा. चूळ भरा, शक्य असेल तर ब्रश करा. ब्रश केल्यावर पुन्हा चिमूट घ्यायला जीव जरा कचरतो, एवढाच त्याचा उपयोग, पण तो उपयोग खरा आहे.

मग पुडी. दुसऱ्याच्या तळहातावरची चिमूट घेतली असेल तर विषय तिथेच संपला. पण तुम्ही स्वतः पुडी विकत घेतली असेल तर तुमच्या खिशात उरलेल्या वीस-पंचवीस बारांचा माल आहे, आणि खरी लढाई त्या उरलेल्या मालाशी आहे. "पैसे दिलेत, ही एवढी संपवतो आणि मग बंद" हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. पुडी कधी संपतच नाही. ती संपत आली की आपण टपरीजवळ असतो.

पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. मी टाकली होती, आणि रात्री दहा वाजता कांद्याच्या सालींतून परत काढली. नळाखाली धरा, तंबाखूचा चिखल झाला की गटारात सोडा. मित्राला देऊ नका, कारण तो परवा तुम्हालाच त्यातली देईल. चुन्याची डबीही घालवा. ती रिकामी असली तरी घालवा. रिकामी डबी खिशात असली की हात तिला चाचपत राहतो.

जवळच्या एकाच माणसाला फोन करा किंवा सांगा. दहा जणांना नको. काय सांगायचं ते पुढे येतं.

उपास मोडल्याचं गणित

एकादशीला चुकून कुणी पोळीचा तुकडा तोंडात टाकतो आणि मग म्हणतो, "उपास मोडलाच, आता मिसळ मागव." हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, केलंयही. तुकड्याने एक घास झाला असता. पुढची प्लेट त्या वाक्याने मागवली.

हे वाक्य प्रयोगशाळेतही पकडलं गेलंय. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं. ज्या एरवी बेतानं खात होत्या, वजनाची काळजी करत होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. बाकीच्यांनी कमी खाल्लं, कारण त्यांचं पोट भरलं होतं. पुढे दारू आणि सिगारेट सोडणाऱ्यांवर काम करणाऱ्या ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हेच नीट मांडलं. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ आपल्या भाषेत असा: माणूस एकदा घसरतो, मग त्या घसरण्याचा दोष आपल्या स्वभावाला देतो ("माझ्यात दमच नाही"), शरम वाटते, आणि ती शरम घालवायला हाताशी एकच ओळखीचा उपाय असतो. तंबाखू.

म्हणून घसरणं आणि परतणं या दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या. घसरणं म्हणजे एक बार. परतणं म्हणजे पुन्हा रोजचं गिऱ्हाईक होणं. माझी रेघ मी पुढे सोपी करून टाकली: विकत घेतली की परतलो. तोपर्यंत घसरलोय. कुणाला ही रेघ सैल वाटेल. वाटू दे. तिच्यामुळे टपरीवर माझा हात दोनदा तरी थांबलाय.

पण याची उलटी बाजूही सांगायला हवी, कारण हल्ली "एखाद्या दिवसाने काही होत नाही" हा सल्ला फार स्वस्त झालाय. नवी सवय लावताना तो खरा आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात रोजचं नवं काम अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. चालायला जाणं, व्यायाम, रोज दोन पानं लिहिणं, यांत एक नागा हा फक्त नागा असतो. तंबाखूत तसं नाही. इथे चुकलेला दिवस रिकामा जात नाही. त्या दिवशी निकोटिन आत जातं आणि झोपलेलं कुत्रं उठून बसतं. तेव्हा चिमटीला काहीच नाही म्हणू नका आणि सगळं संपलं असंही म्हणू नका. पायात काटा मोडल्यावर आपण जे करतो ते करा: बसा, काढा, बघा कुठे मोडला ते.

कागदावर पाच ओळी

त्याच दिवशी लिहा. मोबाइलवर चालेल, पण कागद बरा. "मी का खाल्ली" असं लिहायला बसलात की कीर्तन होतं. त्याऐवजी पोलिस पंचनामा करतात तसं लिहा: वार, वेळ, जागा, सोबत कोण, पोटात काय, झोप किती, आणि त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय झालं.

हळदीच्या रात्रीचा माझा पंचनामा, चौदा महिन्यांनी आठवून लिहिलेला, असा होता:

"शनिवार, रात्री ११.३०. मांडवामागे. दाजी, मामा आणि तिकडचे तिघे. जेवून अर्धा तास. आदल्या रात्री झोप तीन तास. नको म्हणायला तोंडात वाक्य नव्हतं. त्याआधी: पंगतीतून उठल्यावर बायकोने बडीशेप पुढे केली, मी नको म्हणालो. मांडवामागे पाणी प्यायला गेलो. पाण्याचं पिंप पुढच्या बाजूलाही होतं."

शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो. पिंप पुढेही होतं. मागे 'ते' बसलेत हे मला माहीत होतं. चिमूट उचलायचा निर्णय ११.३० ला झालाच नव्हता, तो त्याआधी अर्धा तास, पाण्याच्या निमित्ताने झाला होता. मार्लाट याच गोष्टीकडे बोट दाखवतात: वरवर साधे दिसणारे छोटे निर्णय माणसाला धोक्याच्या जागी नेऊन उभं करतात, आणि तिथे पोचल्यावर मग निग्रहाची परीक्षा. पंचनाम्याचा सगळा उपयोग हा फाटा शोधण्यात आहे. घसरलात त्या पायरीच्या आधीची पायरी सापडली पाहिजे. नेहमीच्या रस्त्याऐवजी टपरीवरून जाणं, जेवल्यावर रिकामं बसणं, जुनी पँट "असू दे" म्हणून खिसे न तपासता तशीच ठेवणं.

जुन्या पँटचं उदाहरण माझंच आहे. चौथ्या खेपेच्या चौथ्या दिवशी.

चौथी सकाळ

यावर कुणी मोकळेपणाने लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. सकाळी तंबाखूचा बार लावल्याशिवाय ज्यांना शौचाला होत नाही असे आपल्याकडे घरटी निघतील. ते मनाचे खेळ नाहीत. निकोटिन आतड्यांना चालना देतं. ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होणं हे नेहमीच्या लक्षणांपैकी आहे. पहिले तीन दिवस माणूस निग्रहाने काढतो. चौथ्या सकाळी पोट दगड झालेलं असतं, डोकं जड, ड्यूटीची वेळ झालेली, आणि जुन्या पँटच्या मागच्या खिशात एक चुरगळलेली पुडी सापडते. मी खाल्ली. पोट साफ झालं, आणि मन म्हणालं, "बघ, शरीरालाच लागते."

त्या वेळी मला वेळापत्रक माहीत असतं तर बरं झालं असतं. निकोटिन रक्तातून भराभर उतरतं, दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं. त्यामुळे चिडचिड, भूक, बेचैनी, झोपमोड काही तासांतच सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणजे चौथ्या सकाळी तुम्ही चढ संपवून माथ्यावर उभे असता. नेमके तिथूनच आपण परत फिरतो. पोटासाठी पहिल्या दिवसापासूनच सोय करा: सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल, पालेभाजी-फळं वाढवायची, उठल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. तंबाखू सोडायच्या दिवशी सगळे लवंग आणून ठेवतात, इसबगोल कुणी आणत नाही.

तलफ मात्र लाटेसारखी असते. चढते, काही मिनिटं राहते, उतरते. घड्याळ लावून बघा. आपल्याला वाटतं ती तासभर छळते, ती बहुधा दहा मिनिटांच्या आत मऊ पडते. तेवढा वेळ हात आणि तोंड दोन्ही गुंतवायचं. मला शेंगा सोलणं लागू पडलं. त्यात मळण्यासारखी बोटांची हालचाल आहे. कुणाला वेलची, कुणाला जेष्ठमध, कुणाला आवळकाठी.

सुपारी नको. हे ठळकपणे सांगतो, कारण तंबाखू सोडलेले निम्मे लोक सुपारीवर येऊन थांबतात आणि त्याला सुटलो म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायच्या सुपारीला, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तोंड उघडेनासं होण्याचा जो आजार गुटखेवाल्यांत दिसतो, त्याचं मूळ मुख्यतः सुपारीत आहे. 'बिनतंबाखूचा' पानमसाला म्हणजे आगीतून फुफाट्यात.

निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंगम, घेत असाल तर दोन गोष्टी. एक: ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावायची नसते. सावकाश चावायची, जिभेला मिरमिरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी किंवा आंबट काही घ्यायचं नाही, नाहीतर निकोटिन गालातून आत जातच नाही. निम्म्या लोकांना "गोळीने काही होत नाही" असं वाटतं ते चहाबरोबर घेतल्यामुळे. ती २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला तंबाखू लागते त्याला बहुधा जास्त ताकदीची लागते. पण हे डॉक्टरांना विचारून ठरवा. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर बाई असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. दुसरी गोष्ट: घसरलात म्हणून गोळी बंद करू नका. "आता तंबाखूच खाल्ली, गोळीचा काय उपयोग" हेही उपास मोडल्याचंच गणित.

नको म्हणायचं वाक्य

पंचनाम्यात फाटा सापडला की त्याच्यासाठी एक जर-तरचं वाक्य बनवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा वाक्यांवर बरंच काम केलंय. "मी तंबाखू खाणार नाही" या ठरावापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" हे वाक्य वेळेवर आठवतं, कारण त्यात जागा आणि वेळ बांधलेली असते. माझी वाक्यं:

जेवण झालं तर ताटावरून उठून थेट ब्रश.
दुपारच्या पाळीत पाचची सुट्टी झाली तर गेटबाहेर जायचं नाही, कँटीनच्या मागच्या दाराने चहा.
कुणी तळहात पुढे केला तर दोन्ही हात मागे आणि "दातांचं काम चालू आहे."

हे तिसरं वाक्य खोटं आहे असं कुणी म्हणेल. असू दे. "सोडलीय" म्हणालात की मंडळ बसलंच: "किती दिवस?", "एकाने काय होतंय?", "मागच्या वेळीपण असंच म्हणाला होतास." सोडलेल्या माणसाला पुन्हा लावणं हा आपल्याकडे लग्नातला एक खेळ आहे, आणि त्यात प्रेम असतं ही त्यातली अडचण. तळहातावरची तंबाखू पुढे करणं म्हणजे ओळख नसलेल्याला बाकावर जागा करून देणं. बसस्टँडवर मी कितीतरी लोकांशी पहिलं वाक्य "तंबाखू आहे का?" असंच बोललोय. ते नाकारताना माणूस नाकारल्यासारखं वाटतं. दातांच्या कामाला मात्र कुणी हरकत घेत नाही, उलट जो तो आपली दाढ सांगायला लागतो. तीन महिन्यांनी मी "खात नाही मी" एवढंच म्हणायला लागलो. तोपर्यंत ते खरंही झालं होतं.

वाक्य आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य मांडवात तोंडावर येत नाही.

घरी काय सांगायचं

शपथा घेऊ नका. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की माणूस तंबाखू लपवायला शिकतो, सोडायला शिकत नाही. मी शिकलो होतो. गाडीच्या डिकीत बडीशेपेची बाटली, त्याखाली पुडी. घरी येताना पेपरमिंट. बायकोला वास येत होता, तिने विचारलं, मी चिडलो, आणि चिडल्यावर बाहेर जाऊन खाल्ली. लपवलेली चिमूट कधीच एक राहत नाही, कारण तिचा हिशेब ठेवणारा कोणी नसतो.

चौथ्या खेपेत पाचव्या महिन्यात वडिलांना ॲडमिट केलं होतं. रात्री दोन वाजता आवारात एका अनोळखी माणसाने, त्याचंही कोणीतरी आत होतं, मळून पुढे केली. खाल्ली. दातांचं वाक्य आठवलंच नाही. या वेळी मात्र सकाळी सहाला घरी फोन केला.

"रात्री खाल्ली एकदा," मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पुडी घेतलीत का?"

"नाही."

"मग तोंड धुवा आणि तासभर पडा. मी डबा घेऊन येते नऊला."

इतकंच. घरच्यांनी विचारायचा प्रश्न हाच. "पुन्हा खाल्ली ना?" याला उत्तर देता येत नाही, त्यावर फक्त भांडता येतं. "पुडी घेतली का?", "आज सगळ्यात अवघड वेळ कुठली गेली?" यांना उत्तर देता येतं. आणि घरच्या बाईची मिश्री सोडवायची असेल तर पुरुषमंडळींनी आपली पुडी आधी नळाखाली धरावी, मग बोलावं. सासूने, आईने वर्षानुवर्षं दातांना लावलेली मिश्री ही 'दात घासणं' या नावाखाली लपलेली असते. ती घसरली हे कुणाला कळतही नाही आणि म्हणून तिला कुणी विचारतही नाही.

दिवस कसे मोजायचे

शून्यापासून मोजू नका. ४१ दिवसांनंतर एक बार खाल्ला म्हणून पहिले पाढे पंचावन्न होत नाहीत. ते ४१ दिवस तुमचे झाले. त्यातली प्रत्येक दुपार, प्रत्येक जेवणानंतरचा अर्धा तास तुम्ही निभावलाय, ते कुणी काढून घेत नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर न खाल्लेल्या दिवशी तारखेला हिरवा गोल करत होतो. खाल्लेल्या दिवशी नुसतं 'ख'. महिना संपल्यावर गोल मोजायचे. चौथ्या खेपेच्या पहिल्या महिन्यात ३० पैकी २९ गोल आणि एक 'ख'. त्या 'ख'शेजारी बारीक अक्षरात "पँट" असं लिहिलंय.

'ख' दोन दिवस लागोपाठ आला तर मात्र सावध व्हा. तीन दिवस आला, किंवा पुडी विकत घेतली गेली, तर स्वतःशी खोटं न बोलता मान्य करा की ही घसरण राहिली नाही, परतणं झालंय. मग नवी तारीख ठरवा, एका आठवड्याच्या आत. पाडवा, एकादशी, एकतीस डिसेंबर अशी मुहूर्ताची तारीख शोधत बसू नका. मुहूर्त लांबचा निघाला की तोपर्यंत खायला परवाना मिळतो. श्रावणाचंही तसंच. श्रावणात बंद ठेवणाऱ्याला शेवटची तारीख माहीत असते, तो सोडत नाही, थांबतो.

आणि या वेळी एकट्याने नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची टोल-फ्री सेवा आहे, १८००-११-२३५६. नंबर शोधायला लांब जायला नको. १ सप्टेंबर २०१८ पासून तो पुडीवरच, त्या नको वाटणाऱ्या चित्राबरोबर छापलेला असतो. सतरा वर्षांत आपण त्या चित्रावर अंगठा ठेवून पुडी फाडायला शिकलो, म्हणून दिसत नाही. पलीकडचा समुपदेशक भाषण देत नाही. तो तारीख विचारतो, तुमचा पंचनामा विचारतो आणि पुढे पुन्हा फोन करतो. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांतही तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं. पूर्वी तीन-चारदा मोडलं असेल तर डॉक्टरांशी औषधांबद्दल बोला. चिठ्ठीवर मिळणारी औषधं आहेत, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. साखरेची गोळी घेताना आपण निग्रह कमी पडला असं म्हणतो का?

एक काम मात्र घसरलात तरी, नाही घसरलात तरी करायचं. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडायचं. जिथे बार ठेवत होतात ती जागा, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, किंवा आपली तीन बोटं उभी तोंडात न मावणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे. "परत खाल्ली म्हणून ते रागावतील" या भीतीने तपासणी टाळणारे मी पाहिलेत. रागावले तर रागावले.

सहा महिन्यांनंतर तलफ जवळजवळ गेली. राहिली ती स्वप्नं. आजही दोन-तीन महिन्यांनी एकदा पडतं: मांडव, खुर्च्या, दाजींचा तळहात, आणि मी खातो. स्वप्नात इतकी शरम वाटते की जाग येते. पहिल्यांदा पडलं तेव्हा मला वाटलं, आतून मी अजून सुटलोच नाही. पुढे कळलं की सोडलेल्या बऱ्याच जणांना अशी स्वप्नं पडतात. त्याचा कॅलेंडरवर 'ख' लिहायचा नसतो. मी अंधारात जीभ खालच्या ओठाआड फिरवून बघतो. काही नसतं. पाणी पितो आणि कूस बदलतो.